वाचकांचे प्रश्न : पिलं, हळद, धिंगरी आणि सातबारा

या वेळच्या पत्रांत धंदा कसा सुरू करायचा हे विचारणारी पत्रं थोडी आहेत. सुरू केलेला धंदा का अडतो, हे विचारणारीच जास्त आहेत. काही उत्तरं त्यामुळे लांबली आहेत, पण नुकसान जिथे होतं तिथला तपशील गाळून उपयोग नव्हता.

प्रश्न : सुधारित गावरान जातीच्या कोंबडीची १०० एकदिवसीय पिलं घेतली. पहिल्या दहा दिवसांतच तीसेक मेली. उरलेली चांगली वाढत होती, पण दोन महिन्यांची झाल्यावर काहींच्या माना वाकड्या झाल्या आणि तीही गेली. पुन्हा पिलं आणावीत का? (अंबड, जि. जालना)

जरूर आणा, पण दोन वेळची मर वेगवेगळ्या कारणांनी झालेली आहे, हे आधी लक्षात घ्या.

पहिल्या दहा दिवसांतली मर बहुतेक वेळा उबेच्या कमतरतेमुळे होते. पिलाला पहिल्या आठवड्यात स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. जमिनीपासून दोन इंचांवर ३५ अंश सेल्सिअस तापमान लागतं, नंतर दर आठवड्याला ते सुमारे ३ अंशांनी कमी करायचं. जुन्या पिवळ्या बल्बचा हिशेब पिलामागे २ वॅट, म्हणजे १०० पिलांना २०० वॅट. एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. ही चूक हल्ली फार घरांत होते. थर्मामीटर नसेल तर पिलांकडे बघा. बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर थंडी वाजते आहे. कडेला जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त. सगळीकडे सारखी विखुरलेली असतील तर ठीक. एका बाजूलाच दाटली असतील तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याची झुळूक येते आहे, तिथे पोतं लावा.

पिलं येण्याच्या आदल्या दिवशीच तयारी हवी. जमिनीवर चुना मारून भाताच्या तुसाचा दोन-तीन इंचांचा थर द्या, त्यावर वर्तमानपत्र अंथरा आणि पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं दीड फूट उंच गोल कडं करा. कोपरे नकोत, कोपऱ्यात पिलं चेंगरून मरतात. बल्ब तीन-चार तास आधी लावा. पिलं आल्यावर प्रथम गुळाचं पाणी, लिटरला मूठभर नव्हे तर ५० ग्रॅमच्या आसपास, आणि प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवा. दोन तासांनी मक्याचा भरडा कागदावर पसरा. दुसऱ्या दिवसापासून पिलांचं खाद्य, तिसऱ्या दिवशी कागद काढा. रात्री वीज जाणार हे गृहीत धरा. कोळशाची शेगडी ठेवणार असाल तर कोळसा बाहेर पूर्ण पेटवून, धूर संपल्यावर आत आणा आणि छताजवळची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीतल्या शेगडीच्या वायूने सगळी पिलं एका रात्रीत जातात, आणि माणसालाही तोच धोका असतो.

दोन महिन्यांनंतर माना वाकड्या होणं हे मानमोडीचं, म्हणजे राणीखेत रोगाचं लक्षण आहे. त्यावर औषध नाही, लसच आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लस डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरो या वेगळ्या रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा. सहाव्या आठवड्यात देवीची आणि आठव्या आठवड्यात राणीखेतची आर-टू-बी लस टोचून. तुमची पिलं दोन महिन्यांची होईपर्यंत टिकली आणि मग गेली, म्हणजे पहिला डोस झाला असेल, पुढचे राहिले असावेत.

लस देऊनही रोग येतो तेव्हा दोष बहुधा लसीच्या प्रवासात असतो. ती २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. दुकानातून बर्फाच्या थर्मासमध्ये आणा, कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवा, आणि द्यायचं काम पहाटे किंवा संध्याकाळी करा. पाण्यातून देत असाल तर नळाचं औषध घातलेलं पाणी वापरू नका. विहिरीच्या पाण्यात लिटरला ५ ग्रॅम दूधपावडर घाला आणि त्याआधी दोन तास पाणी तोडा. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची येते. पंधरा-वीस कोंबड्या असलेल्या चौघी-पाचजणींनी एकच दिवस ठरवून एक कुपी वाटून घेतली, तर खर्च नगण्य होतो. शेजारणीच्या कोंबड्यांना लस नसेल तर तुमच्याही सुरक्षित नाहीत, म्हणून हे काम गल्लीने मिळून करायचं आहे.

एक सूचना पुढच्या वेळेसाठी. वनराज, गिरिराज या जाती अंडी बऱ्यापैकी देतात, पण उबवायला बसत नाहीत. दोन-तीन देशी कोंबड्या घरात ठेवा. एखादी खुडूक झाली की तिच्याखाली दहा-बारा ताजी अंडी ठेवा. २१ दिवसांत पिलं मिळतात, आणि बल्बचं, शेगडीचं सगळं काम ती करते.

प्रश्न : आमचा दहा जणींचा गट हळद पूड करतो. गेल्या वर्षी माल सगळा विकला, तरी वाटणीच्या वेळी हातात काही उरलं नाही. दर कसा ठरवावा? (वसमत, जि. हिंगोली)

तुमचा माल संपला, म्हणजे गुणवत्तेचा प्रश्न नाही. प्रश्न हिशेबाचा आहे, आणि तो जवळपास प्रत्येक गटात सारखाच असतो. हळकुंडाचा भाव धरतात, स्वतःचे हात धरत नाहीत.

उदाहरणासाठी भाव आम्ही कल्पनेने घेतले आहेत, तुमचे तुम्ही घाला. ५० किलो हळकुंड, किलोला १५० रुपये, म्हणजे ७,५००. निवडताना आणि दळताना ४ टक्के घट धरली तर पूड ४८ किलो, पाव किलोच्या १९२ पिशव्या. अनेक गट इथेच थांबतात. ७,५०० भागिले १९२ म्हणजे ३९ रुपये, ५० ला विकू, पिशवीमागे ११ सुटतील.

आता राहिलेलं मांडा. दळणावळ किलोला १२ प्रमाणे ६००. पिशवी आणि लेबल मिळून ४ रुपये, १९२ चे ७६८. तीन जणींचं दीड दिवसाचं काम, रोज ४०० प्रमाणे १,८००. गाडीभाडं ५००. वीज, सीलिंग मशीनची झीज, फोन मिळून २००. बेरीज ११,३६८. पिशवीचा खर्च ५९ रुपये. म्हणजे ५० ला विकलेल्या प्रत्येक पिशवीत ९ रुपये गटाच्या बायकांनी घामातून भरले. वाटणीला काही उरलं नाही, कारण मजुरीच गेली.

दुकानदाराला छापील किमतीवर २० टक्के द्यावे लागत असतील तर छापील किंमत किमान ८० हवी. ८० तून १६ गेले, ६४ हातात, ५ रुपये नफा. प्रदर्शनात थेट विकताना ७५ ला दिली तरी चालेल, पण स्टॉलवर उभं राहणाऱ्या दोघींची रोजी आणि जेवण त्या दिवसाच्या खर्चात लिहा. उधारी वेगळ्या वहीत. मजुरी मात्र ज्या दिवशी काम झालं त्याच दिवशी वहीत चढवा, विक्री व्हायची वाट बघू नका. घरी दळलं, घरी भरलं, त्याचे कसले पैसे, असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. जी मजुरी वहीत येत नाही ती कोणाला दिसत नाही, आणि घरातही मोजली जात नाही.

ओल्या हळदीपासून सुरुवात करत असाल तर १०० किलो ओल्या कंदांतून साधारण २० किलो वाळलेली हळद मिळते. सेलम या हळदीच्या जातीत, तसंच जमिनीप्रमाणे, थोडं वरखाली. शिजवताना पाऊण ते एक तासात फेस येतो, विशिष्ट वास सुटतो आणि काडी सहज आरपार जाते, तिथे थांबा. कमी शिजली तर वाळायला वेळ लागतो आणि आत फिकट राहते, जास्त शिजली तर रंग काळपट होतो. गड्डे आणि हळकुंडं वेगळी शिजवा, कारण दोघांना लागणारा वेळ वेगळा. दहा ते पंधरा दिवस उन्हात, रात्री ढीग करून झाकून. हळकुंड मोडल्यावर खणकन आवाज आला पाहिजे.

पूड गाठी धरते याचं कारण ओलावा. पुडीत तो १० टक्क्यांच्या आत लागतो. चक्कीतून निघालेली पूड गरम असते, ती तशीच भरली तर पिशवीत घाम येतो. मोठ्या परातीत पसरून पूर्ण गार करा, मग चाळा, मग भरा. चक्की फार तापत असेल तर थांबून थांबून दळा. उष्णतेने हळदीतलं तेल उडतं आणि वासच निघून जातो. आधी मिरची दळलेल्या चक्कीवर हळद नेऊ नका. आणि रंग कमी वाटला म्हणून कोणी पिवळी पावडर मिसळायला सुचवलं तर त्या माणसाला दारातून परत पाठवा. असल्या रंगांत शिसं असू शकतं, मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो.

प्रश्न : दरवर्षी पहिल्या पावसानंतर धष्टपुष्ट करडंच अचानक मरतात. सकाळी ठीक, संध्याकाळी मेलेली. (कळंब, जि. धाराशिव)

लक्षणांवरून हा आंत्रविषार वाटतो. उपाशी करडू कोवळ्या ओल्या गवतावर तुटून पडतं, आतड्यातले जंतू एकदम वाढतात आणि त्यांचं विष अंगात भिनतं. चांगलं खाणारं, तगडं करडूच म्हणून आधी जातं. मे महिन्यात आंत्रविषाराची लस द्या आणि चौदा दिवसांनी दुसरा डोस. पावसाळ्याच्या सुरुवातीचे पंधरा दिवस बाहेर सोडण्याआधी कडबा किंवा कोरडा पाला खाऊ घाला. नवीन करडाला जन्मल्यापासून तासाभरात चीक पाजा, दिवसभरात वजनाच्या एक दशांश. उस्मानाबादी शेळी बऱ्याचदा जुळी देते, तेव्हा दुबळं करडू मागे राहतं. त्याला हाताने लावा. एकदा तरी मेलेल्या करडाचं शवविच्छेदन पशुवैद्यकीय दवाखान्यात करून घ्या, म्हणजे अंदाजावर राहावं लागणार नाही.

प्रश्न : सोयाबीनचं भुसकट भरपूर आहे. त्यावर धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) घेता येते का? दोन वेळा केली, पहिल्यांदा पिशव्या हिरव्या पडल्या, दुसऱ्यांदा आल्या पण देठ लांब आणि टोप्या बारीक. (कारंजा, जि. वाशीम)

येते. गव्हाचं काड आणि भाताचा पेंढाही चालतो. मात्र भुसकट यंदाचं, कोरडं आणि पावसात न भिजलेलं हवं.

हिरवी पडणं ही बुरशी. काड नीट निर्जंतुक न झाल्याने ती येते. तीन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे करून पोत्यात भरा आणि स्वच्छ पाण्यात रात्रभर, आठ ते बारा तास भिजवा. मग ८० अंशांच्या पाण्यात पूर्ण एक तास. पाणी ८० अंशांवर आल्यापासून तास मोजायचा, पोतं आत टाकल्यापासून नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं. नंतर उतरत्या जागेवर निथळू द्या. मूठभर काड घट्ट दाबलं तर तळहात ओला व्हावा, पण पाण्याची धार लागू नये. धार लागली तर आतून सडून घाण वास येतो.

बियाणं, ज्याला सगळे स्पॉन म्हणतात, ओल्या काडाच्या वजनाच्या २ टक्के. पाच किलोच्या पिशवीला १०० ग्रॅम. ३५ बाय ५५ सेंटिमीटरच्या पिशवीत काडाचा चार बोटं थर, कडेने स्पॉन, पुन्हा थर; वरच्या थरावर थोडा जास्त. तोंड बांधा आणि सुईने वीस-पंचवीस भोकं पाडा. पिशव्या भरताना खोलीत पंखा नको, हात साबणाने धुतलेले हवेत. स्पॉन एक महिन्याच्या आतला घ्या. त्यात हिरवा, काळा ठिपका दिसला तर परत करा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधनाचं केंद्र आहे, तिथे आणि अनेक कृषी विज्ञान केंद्रांत प्रशिक्षण मिळतं.

अंधाऱ्या खोलीत २२ ते २८ अंशांत पंधरा-अठरा दिवसांनी पिशवी पांढरी होते. आता प्लास्टिक काढा आणि दुसऱ्या तक्रारीकडे या. देठ लांब, टोपी बारीक म्हणजे खोलीत हवा कोंडली आहे आणि उजेड कमी आहे. दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं दार-खिडक्या उघडा, वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड ठेवा. पाणी फवारणी दोन-तीन वेळा, पण भिंतींवर, गोणपाटांवर आणि जमिनीवर जास्त. टोप्यांवर पाणी साचलं तर त्या पिवळ्या पडतात. टोपीची कड वर वळायच्या आत पिळून काढा. आठ-दहा दिवसांनी दुसरा बहर, मग तिसरा. एक किलो कोरड्या काडाला तीन बहरांत मिळून अर्धा ते एक किलो ताजी अळिंबी धरा; यापेक्षा जास्त सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका.

खोलीत शिरताना नाकाला रुमाल बांधा. टोप्या मोठ्या झाल्या की त्यांची बारीक पूड हवेत उडते आणि खोकला, दमा होतो. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये पांढरी, करडी धिंगरी घेण्याचा हट्ट करू नका. जून ते फेब्रुवारी हा तुमचा काळ.

विक्री पिशव्या भरण्याआधी ठरवा. ताजी अळिंबी फ्रीजमध्येही दोन-तीन दिवसच चांगली राहते. न खपलेली त्याच दिवशी वाळवायला घाला. दहा किलोची एक किलो होते आणि हवाबंद डब्यात महिनोन्‌महिने टिकते. एकदम शंभर पिशव्या भरण्यापेक्षा दर आठवड्याला वीस भरल्या तर हॉटेलवाल्याला रोज माल देता येतो.

प्रश्न : ३५ टक्के अनुदान मिळेल म्हणून मसाला यंत्रासाठी कर्ज काढलं. अनुदान हातात आलंच नाही. फसवणूक झाली का? (एका बचतगटाच्या सचिव, मोहोळ)

बहुधा नाही. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतलं अनुदान कर्जाला जोडलेलं असतं. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, वैयक्तिक उद्योगाला कमाल १० लाख. ते रोख मिळत नाही, तुमच्या कर्जाशी जोडलेल्या खात्यात बँकेकडे राहतं आणि कर्ज तीन वर्षं नियमित फेडलं तर त्यात वळतं होतं. हप्ते थकले तर ते हातचं जातं. बँकेत जाऊन त्या रकमेची नोंद लेखी मागा. यंत्र घेण्याआधीचा हिशेब मात्र नेहमी अनुदान शून्य धरून करा. तेव्हाही हप्ता निघत असेल तरच यंत्र घ्या.

प्रश्न : पतीचं निधन झालं. तीन एकर त्यांच्या नावावर, दोन लहान मुलं, सासूबाई आहेत. सासरचे म्हणतात, "नाव लावायची घाई कशाला?" (दारव्हा, जि. यवतमाळ)

ताई, घाई करा. पीक कर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई सगळं सातबारावरच्या नावावर चालतं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पतीच्या हिश्शावर पत्नी, मुलं, मुली आणि आई यांचा सारखा हक्क आहे. मृत्यूचा दाखला, वारसांचा तपशील देणारं प्रतिज्ञापत्र आणि ८-अचा उतारा जोडून तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, वारस नोंदीचा अर्ज द्या. मुदत तीन महिन्यांची असते. उलटली असली तरी अर्ज द्याच. पोच घ्या. फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, धरला गेला की नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी मंजुरी देतात.

नोंद झाल्यावर उतारा स्वतः वाचा. तुमचं नाव भोगवटादार, म्हणजे जमीनधारक, म्हणून वर आलं पाहिजे. "इतर अधिकार" या रकान्यात ढकललं असेल तर तो समान हक्क नव्हे, लगेच हरकत घ्या. मुलांच्या नावापुढे "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून तुमचंच नाव हवं, दिराचं नाही. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या हक्कसोडपत्रावर सही करू नका. अडलं तर तालुका विधी सेवा समितीकडे स्त्रियांना वकील मोफत मिळतो.

ज्यांचे पती हयात आहेत त्यांच्यासाठी जोडून सांगतो. महाराष्ट्रात १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. पतीने स्वखुशीने अर्ज दिला तर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबारावर लागतं. माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्माने हिस्सा आहे. महाराष्ट्राने १९९४ ला आणि केंद्राने २००५ ला तशी दुरुस्ती केली, आणि २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं.

प्रश्न : पापड, शेवया, कुरडया सगळं मी करते. अन्न परवाना, खातं आणि दुकानदारांचे पैसे येतात तो फोन, तिन्ही यजमानांचे. आता माझ्या नावावर करता येईल का? (अकोले, जि. अहिल्यानगर)

येईल, आणि भांडण न करता येईल. जुना परवाना बदलत बसू नका. त्याच जागेची नवीन अन्न नोंदणी तुमच्या नावाने काढा. आधार, फोटो आणि जागेचा पुरावा लागतो. घरपट्टी यजमानांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र जोडा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, तुमच्या आधार आणि पॅनवर करा. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत आहे, बाहेर पैसे मागितले तर देऊ नका. ही दोन्ही कागदपत्रं घेऊन बँकेत उद्योगाच्या नावाने चालू खातं उघडा. स्वतःच्या नावाचं वेगळं सिमकार्ड घ्या, त्यावर खातं जोडा आणि त्याचा क्यूआर कोड दुकानदारांना द्या.

अन्न नोंदणीचा १४ अंकी क्रमांक नवा येईल. जुना क्रमांक छापलेल्या पिशव्या नव्या मालाला वापरता येणार नाहीत, म्हणून आहेत त्या संपत आल्या की अर्ज करा आणि नवीन छपाई क्रमांक हातात आल्यावरच सांगा. लेबलवर तुमचं नाव आणि पत्ता, घटक, पोषणमूल्य, निव्वळ वजन, बॅच, उत्पादनाची आणि वापरण्याची तारीख, किंमत, हिरवा ठिपका आणि तक्रारीसाठी फोन एवढं तरी लागतं. फोन तुमचा द्या.